नकाशाचा प्रश्न नेमका कुठे विचारायचा?

ओपनस्ट्रीटमॅप (थोडक्यात ओएसएम) म्हणजे २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला, कोणालाही भर घालता येईल असा जगाचा नकाशा. त्याच्याबद्दल या सदराकडे येणाऱ्या पत्रांत टॅग (नकाशावरची गोष्ट काय आहे हे सांगणारी खूणचिठ्ठी) किंवा उपग्रहचित्रांपेक्षा एकच अडचण जास्त दिसते: अडलं तर विचारायचं कुणाला आणि कुठे? या वेळी त्यातलेच काही प्रश्न घेतले आहेत.

खातं नुकतंच उघडलंय. टेलिग्राम, डिस्कॉर्ड, फोरम, मेलिंग लिस्ट, मॅट्रिक्स, स्लॅक, विकी… नावं वाचूनच दमलो. सगळीकडे नाव नोंदवायचं का? (नाशिक)

अजिबात नको. दोन ठिकाणं पुरेत: ओपनस्ट्रीटमॅपच्या कम्युनिटी फोरमवरचा भारत विभाग आणि भारतातल्या मॅपर्सचा टेलिग्राम ग्रुप. तिसरी गोष्ट तुमच्याकडे आधीच आहे, ती म्हणजे खात्याला जोडलेला ईमेल. तो पत्ता रोज उघडला जातो ना, एवढी खात्री करा. कॉलेजने दिलेला आणि पदवीनंतर बंद पडणारा पत्ता असेल तर आजच बदला.

कुठे विचारायचं हे ठरवताना दोन गोष्टी बघा: उत्तर किती लवकर हवंय आणि ते किती दिवस टिकायला हवंय. ‘वाडीकडे जाणारा हा डांबरी रस्ता टर्शरी धरू की अनक्लासिफाइड?’ (ही रस्त्यांच्या वर्गांची नावं) असं टेलिग्रामवर विचारलं तर कोणीतरी ऑनलाइन असेल आणि दहा मिनिटांत उत्तर येईलही. पण ते उत्तर संध्याकाळपर्यंत शंभर मेसेजांखाली गेलेलं असतं, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पडलेल्या माणसाला शोधयंत्रात ते सापडत नाही. डिस्कॉर्ड आणि स्लॅकचंही तेच. फोरमवर उत्तराला दोन-तीन दिवस लागतात, पण धागा शोधून सापडतो, त्याची लिंक देता येते आणि ‘हे कुठे ठरलं?’ असं कोणी विचारलं तर दाखवता येतं. म्हणून बटण कुठे आहे, एडिटर का अडकला, या एका दुकानाला कोणता टॅग, असे प्रश्न ग्रुपवर विचारा. उत्तराचा परिणाम एकाहून जास्त जागांवर होणार असेल तर थेट फोरमवर जा.

आत्ताचा फोरम २०२२ पासून डिस्कोर्स या सॉफ्टवेअरवर चालतो. जुना फोरम आणि ‘हेल्प’ नावाची प्रश्नोत्तरांची साइट दोन्ही आता त्यातच आली आहेत. जुन्या व्हिडिओंत किंवा हस्तपुस्तिकांत त्या साइटचा पत्ता दिसला तर गोंधळू नका. लॉगिन ओएसएमच्या खात्यानेच होतं. नव्या सदस्याला सुरुवातीला एका पोस्टमध्ये एकच चित्र आणि दोनच लिंक टाकता येतात, ही डिस्कोर्सची मूळ सेटिंग आहे. पाच धागे उघडून तीसेक पोस्ट वाचल्या आणि एकूण दहा मिनिटं वाचन झालं की मर्यादा सुटते. पोस्ट अडली की फोरम बिघडला असं समजून लोक निघून जातात, म्हणून आधीच सांगतोय.

बाकीच्यांचं थोडक्यात. ‘टॉक-इन’ ही भारताची जुनी मेलिंग लिस्ट. तिचं संग्रहण चाळण्यासारखं आहे, पण नव्याने सामील व्हायची घाई नको. विकी वाचायला उत्तम, विचारायला नाही: तिथल्या चर्चापानांवर महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही, शिवाय विकीसाठी खातंही वेगळं लागतं. स्लॅक प्रामुख्याने अमेरिकी मॅपर्स आणि आपत्तीकाळात नकाशे करणाऱ्या हॉट या संस्थेच्या लोकांचं.

आणखी एक. ब्राउझरमधल्या ‘आयडी’ (iD) या एडिटरमध्ये बदल सेव्ह केला की बाजूला आभाराचा चौकोन येतो आणि त्यात तुम्ही काम केलंत त्या भागातल्या समूहांचे दुवे असतात. ही यादी तुमच्या नकाशावरच्या जागेनुसार बदलते. बहुतेक जण ती न वाचताच बंद करतात. पुढच्या वेळी थांबा.

गावातली काही घरं आणि एक रस्ता काढला. दुसऱ्या दिवशी अनोळखी माणसाचा इंग्रजीत मेल: रस्ता जोडलेला नाही आणि माहितीचा स्रोत काय? माझ्याविरुद्ध तक्रार झाली का? (कणकवली)

तक्रार नाही, ही चेंजसेटवरची चर्चा आहे. तुम्ही एकदा सेव्ह केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याला चेंजसेट म्हणतात. त्याला क्रमांक असतो, त्याचं स्वतंत्र पान असतं आणि त्या पानावर कोणीही टिप्पणी करू शकतं. नव्या मॅपरशी कोणी बोलायला आलं तर बहुतेक वेळा इथेच येतं. आमच्या मते नवख्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं माध्यम हेच. फोरम आणि टेलिग्राम नंतर. प्रश्न आणि ज्याबद्दल प्रश्न आहे तो रस्ता, दोन्ही एकाच पानावर असतात आणि पाच वर्षांनीही तिथेच सापडतात.

उत्तर देताना मेलला रिप्लाय करू नका, तो पोचत नाही. मेलमधल्या लिंकवरून चेंजसेटचं पान उघडा, लॉगिन करा आणि तिथल्या चौकटीत लिहा. टिप्पणी सगळ्यांना दिसते आणि एकदा टाकली की तुम्हाला ती दुरुस्त करता येत नाही. तेव्हा पाठवण्याआधी एकदा वाचा आणि फोन नंबर, घरचा पत्ता लिहू नका.

आता मूळ मुद्दा. ‘जोडलेला नाही’ म्हणजे तुमच्या रस्त्याचं टोक मुख्य रस्त्याला चिकटलेलं दिसतं, पण दोघांचा बिंदू सामाईक नाही. डोळ्यांना फरक कळत नाही. मार्ग शोधणाऱ्या ॲपला मात्र तिथे खिंडार दिसतं आणि ते तुमच्या वाडीला वळसा घालून नेतं, किंवा नेतच नाही. आयडीमध्ये त्या टोकाचा बिंदू ओढून मुख्य रस्त्यावर नेला की तो चिकटतो. मग सेव्ह करा. ‘स्रोत काय’ याचं खरं उत्तर द्या: बिंग किंवा एस्रीचं उपग्रहचित्र, स्वतःची पाहणी, जे असेल ते. गुगल मॅप्सवरून नाव किंवा रस्ता उचलला असेल तर तसं स्पष्ट सांगा. परवान्याच्या कारणाने ती माहिती काढावी लागेल. लपवलंत तर पुढे तुमचे सगळेच बदल संशयात येतात.

दोन ओळी पुरतात: ‘धन्यवाद. टोक जोडलं, नवा चेंजसेट अमुक. घरं बिंगच्या चित्रावरून, रस्ता स्वतः फिरून पाहिलेला.’ मराठीत लिहायला हरकत नाही, पण समोरचा माणूस ब्राझीलचाही असू शकतो, म्हणून खाली एक इंग्रजी ओळ जोडा. आठवड्याभरात उत्तर द्या. पटत नसेल तर जागेवर काय आहे ते सांगा, आणि चर्चा चालू असताना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा बदलत बसू नका.

खाजगी संदेशाचा मोह होतो. तो वैयक्तिक गोष्टीपुरताच ठेवा. नकाशाबद्दल दोघांत खाजगीत ठरलेलं तिसऱ्याला दिसत नाही आणि तो येऊन सगळं उलटवतो.

सेव्ह करताना आयडीमध्ये ‘माझे बदल कोणीतरी तपासावेत’ अशा अर्थाची चौकट असते. तिच्यावर खूण केली की ‘ओएसएमचा’ (OSMCha) यासारख्या तपासणीच्या साधनांत तुमचा चेंजसेट वेगळा काढता येतो. खूण जरूर करा, पण कोणी बघेलच असं धरून चालू नका.

स्ट्रीटकम्प्लीट (नकाशातली उणी माहिती जागेवरून भरायचं मोबाइल ॲप) अचानक काहीच अपलोड करत नाही. काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. (सोलापूर)

ॲप आणखी एकदा टाकण्याआधी ब्राउझरमधून ओएसएमच्या साइटवर लॉगिन करून बघा. तुमच्या खात्यावर शून्य तासांचा ब्लॉक असण्याची शक्यता आहे. नाव भीतिदायक आहे, पण त्याचा अर्थ एवढाच: तुम्हाला पाठवलेला संदेश वाचल्याशिवाय पुढचे बदल स्वीकारले जाणार नाहीत. चेंजसेटवर दोन-तीनदा विचारूनही उत्तर न देणाऱ्याचं लक्ष वेधायला डेटा वर्किंग ग्रुप (नकाशातले वाद आणि गैरवापर हाताळणारा ओपनस्ट्रीटमॅपचा गट) हा उपाय वापरतो. फक्त मोबाइल ॲपवर काम करणाऱ्यांची टिप्पण्यांचे मेल न बघितल्याने अशीच पंचाईत होते. मेल स्पॅममध्ये पडलेले असतात. संदेश वाचा, मूळ चेंजसेटवर उत्तर द्या, ॲप पुन्हा चालू होईल.

ब्लॉक नसेल, तर लॉगिनची परवानगी संपली आहे का पाहा: ॲपमधून लॉग-आउट करून पुन्हा लॉगिन करा. तेही करून झालं असेल तर प्रश्न ओएसएमच्या फोरमपेक्षा ॲप बनवणाऱ्यांकडे न्या.

नकाशातली चूक दिसते, पण दुरुस्त करायचं धाडस होत नाही. नोंद ठेवली तर चालेल? (रत्नागिरी)

चालेल. नकाशाच्या पानावर उजवीकडे नोंदीचं बटण आहे. खूण अचूक जागी ओढून न्या आणि लिहा. काय लिहिता यावर सगळं अवलंबून आहे. ‘रस्ता चुकीचा आहे’ ही नोंद दोन वर्षं तशीच पडून राहते, कारण पुण्यात बसून ती वाचणाऱ्याला काय चुकलं ते कळत नाही. त्याऐवजी: ‘बाजारपेठेतून जेटीकडे जाणाऱ्या या गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेत. दुचाकी जाते, चारचाकी आणि रिक्षा जात नाही. १२ तारखेला स्वतः पाहिलं.’ एवढ्यावर कोणीही घरबसल्या खांबाचा बिंदू टाकून चारचाकीला बंदी घालू शकतो.

लॉगिन करूनच नोंद ठेवा, म्हणजे कोणी उलट विचारलं तर तुम्हाला मेल येईल. स्ट्रीटकम्प्लीटमधून फोटो जोडता येतो. त्यात चेहरे आणि गाड्यांच्या नंबरपाट्या नसाव्यात. काम झाल्यावर नोंद बंद केली जाते आणि बंद झालेली नोंद सात दिवसच नकाशावर दिसते. ‘माझी नोंद कोणी पुसली?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा एवढंच असतं. टॅगवरचे वाद आणि दुकानाची जाहिरात मात्र नोंदीत नको.

रस्ता काढला, वेबसाइटवर दिसतो, पण मोबाइलच्या ॲपमध्ये नाही. कुठे तक्रार करू? (चंद्रपूर)

कुठेच नको. साइटवरचं चित्र बहुतेक वेळा काही मिनिटांत बदलतं (दिसत नसेल तर कंट्रोल आणि एफ-५ दाबा), पण ऑफलाइन ॲप नकाशाची फाइल आधीच उतरवून ठेवतात. ऑस्मअँडच्या साध्या फाइली महिन्यातून एकदा नव्या होतात. ऑरगॅनिक मॅप्समध्ये नकाशा अपडेट करा आणि वाट बघा.

शहराचं नाव मी बदललं, कोणीतरी पुन्हा जुनं केलं, मी परत बदललं. आता काय? (छत्रपती संभाजीनगर)

आता थांबा. पुढचा बदल कोणीच करू नये, बरोबर असलेल्यानेही. संपादनयुद्धात आधी कोण बरोबर हे पाहिलं जात नाही, कोण बोलायला तयार आहे ते पाहिलं जातं.

पहिली पायरी, समोरच्याच्या चेंजसेटवर टिप्पणी: शहराच्या नव्या नावाला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, अधिसूचनेची लिंक ही, पाट्यांवर आता काय लिहिलंय ते हे, आणि जुनं नाव ‘ओल्ड नेम’च्या रकान्यात ठेवलंय म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. पाच-सात दिवस थांबा. उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर फोरमवरच्या भारत विभागात धागा काढा, शीर्षकात शहराचं नाव घ्या, दोन्ही चेंजसेटचे क्रमांक द्या आणि समोरच्याला चेंजसेटवरच धाग्याची लिंक देऊन बोलवा. टेलिग्रामवर पाठिंबा गोळा करू नका. जो ग्रुपमध्ये नाही त्याला ते टोळीने चालून आल्यासारखं वाटतं. एवढं करूनही उलटापालट चालू राहिली, तरच डेटा वर्किंग ग्रुपला कळवा. तो गट कोणतं नाव चांगलं याचा निवाडा द्यायला बसलेला नाही. तो युद्ध थांबवतो आणि तुम्हाला पुन्हा चर्चेला पाठवतो. मग आधीचा धागा दाखवता येणं हाच तुमचा पुरावा.

याला जोडून बऱ्याच जणांचा प्रश्न असतो: नाव देवनागरीत लिहू का? ‘नेम:एमआर’ हा मराठी नावाचा स्वतंत्र रकाना आहे. तो बेधडक भरा, त्यासाठी कोणाला विचारायची गरज नाही, आणि महाराष्ट्रातल्या हजारो गावांना तो हवाच आहे. पण मुख्य ‘नेम’ रकान्यातली लिपी जिल्हाभर बदलायची असेल, तर तो निर्णय एकट्याचा नाही आणि टेलिग्रामवरच्या चार अंगठ्यांचाही नाही. आधी फोरम. देशाच्या सीमारेषेचं तर नावच काढू नका. ओएसएम प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे त्यावरून सीमा दाखवतो, भारतातला नकाशांचा कायदा वेगळं सांगतो, आणि नवख्याने त्या रेषेला हात लावला की काही तासांत बदल उलटवला जातो.

एनएसएसच्या ६० विद्यार्थ्यांना घेऊन तालुक्यातली गावं नकाशावर आणायची आहेत. व्हॉट्सॲप ग्रुप केलाय. आणखी काय लागेल? (सातारा)

ग्रुप बसची वेळ, बॅच आणि डबा कोण आणणार एवढ्यासाठी ठेवा. टॅगचे निर्णय तिथे घेतले की एक चुकीचा स्क्रीनशॉट फॉरवर्ड होतो आणि साठही जण गोठ्यांना राहती घरं करून मोकळे होतात. निर्णयांसाठी विकीवर एकच पान करा: कोणता भाग, कोणतं उपग्रहचित्र, घर-गोठा-शाळा-विहीर यांना कोणते टॅग, जबाबदार कोण, हॅशटॅग कोणता. व्हॉट्सॲपवर त्या पानाची लिंक पिन करा आणि दुरुस्ती फक्त पानावर करा.

सुरू करायच्या किमान दोन आठवडे आधी फोरमच्या भारत विभागात त्या पानाची लिंक टाका. संघटित संपादनाबद्दल ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि स्थानिक समूहाला आधी कळवणं हा त्यांचा गाभा. त्यामागे लालफीत नाही: तुमच्या तालुक्यात दहा वर्षं काम केलेला एखादा मॅपर असतोच, आणि त्याला आधी कळलं तर तो मदतीला येतो, नंतर कळलं तर उलटवायला.

खातं प्रत्येकाचं वेगळं हवं. कॉलेजच्या नावाने एकच खातं काढून पासवर्ड वाटला, की चेंजसेटवरचा प्रश्न नेमका कुणासाठी हे कोणालाच कळत नाही. खाती घरूनच उघडून, ईमेलची खात्री करून यायला सांगा. पहिला तास त्यातच जाऊ नये. नव्या खात्यांना तासाला किती बदल करता येतील यावर मर्यादाही असते. चेंजसेटच्या वर्णनात नुसता हॅशटॅग नको. ‘अमुक वाडीतली घरं, बिंगवरून’ एवढं तरी लिहायला लावा. पहिल्या दिवशी १५ जणांनाच बसवा. दोघांनी काही काढायचं नाही, ओएसएमचामध्ये हॅशटॅग टाकून येणारे चेंजसेट बघायचे आणि चूक दिसली की ग्रुपवर न ओरडता त्या चेंजसेटवर टिप्पणी करायची. विद्यार्थ्याला उत्तर द्यायची सवय तिथेच लागते. आणि प्रमाणपत्र तासांच्या हिशेबावर देऊ नका. तासांसाठी काढलेली घरं वाकडीच निघतात.

हॉटच्या टास्किंग मॅनेजरवर (मोठा भाग लहान तुकड्यांत, म्हणजे टास्कमध्ये, वाटून देणारी साइट) काम करणार असाल तर लक्षात ठेवा, तिथल्या टास्कवरच्या सूचना आणि ओएसएमच्या चेंजसेटवरच्या टिप्पण्या या दोन वेगळ्या पेट्या आहेत. तपासणाऱ्याने टास्क परत पाठवलं तर कारण पहिल्या पेटीत असतं. घेतलेलं टास्क दोन तासांनी आपोआप मोकळं होतं, म्हणून जेवायला उठताना सेव्ह करा.

टेलिग्राम ग्रुपमध्ये आले तर माझा नंबर सगळ्यांना दिसेल का? (ठाणे)

सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या विभागात फोन नंबर ‘कोणालाही नाही’ असा ठेवा, वेगळं युजरनेम घ्या, मगच सामील व्हा. कोणी खाजगीत त्रास दिला तर ग्रुपच्या ॲडमिनला सांगा. ओएसएमच्या साइटवर त्रास झाला तर त्या व्यक्तीच्या पानावर तक्रारीचा दुवा असतो.

मी जर्मनीत राहतो, पण साताऱ्याजवळचं गाव काढतोय. विचारू कुठे? (श्टुटगार्ट)

जिथली जमीन, तिथला समूह. गावाचे प्रश्न भारत विभागात. श्टुटगार्टच्या सायकलमार्गाचे जर्मन विभागात, तिथे जर्मन समूह मोठा आणि काटेकोर आहे. फक्त गावाबद्दल लिहिताना तुम्ही लांबून काढताय हे सांगून टाका. गावातल्या कोणी ‘तो ओढा आता बुजला’ म्हटलं तर त्याचं ऐका.

फोरमवर विचारून चार दिवस झाले, कोणी उत्तर देत नाही. (नागपूर)

प्रश्न पुन्हा वाचून बघा. ‘मदत हवी, नकाशा चालत नाही’ याला उत्तर द्यायला कोणी थांबत नाही. शीर्षकात जागा आणि विषय हवा: ‘नागपूर, रिंगरोडचा सर्व्हिस रोड: वेगळा काढायचा का?’ आत नकाशावरच्या त्या तुकड्याची लिंक किंवा वे (नकाशावरची रेषा) क्रमांक, कोणता एडिटर, काय केलंत, काय दिसलं, काय अपेक्षित होतं. एका धाग्यात एकच प्रश्न. तोच मजकूर पाच ठिकाणी चिकटवू नका. तीन जण तीन ठिकाणी अर्धवट उत्तरं देतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. त्याऐवजी टेलिग्रामवर फक्त धाग्याची लिंक टाका, एकदाच. उत्तर टेलिग्रामवरच मिळालं तर त्याचा सारांश स्वतः धाग्यात लिहा.

तरीही शांतता असेल आणि बदल लहान असेल, तर करून टाका. चेंजसेटच्या वर्णनात धाग्याची लिंक द्या आणि धाग्यात चेंजसेटचा क्रमांक. प्रत्येक रस्त्याचा जुना इतिहास जपलेला असतो, चुकलं तर मागे नेता येतं. आणि चार दिवस गप्प बसलेले लोक बदल दिसला की बोलायला लागतात, हे फोरमवर नेहमीचंच आहे.